तीन ब्राउझर आणि दोन गुडघे

तराजूसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात चौतीस वर्षं काढली म्हणून इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव. त्यांना ते आवडायचं, कारण त्यात साहेब होता. त्याआधी तराजू का जोडलाय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांच्या बायकोनं आपणहून सांगितलं नाही.

नोकरीत त्यांचं काम ठरलेलं होतं. दुकानात शिरायचं, दार लोटायला सांगायचं, पंखा बंद करायचा, काटा समपातळीत आहे का बघायचं आणि एकच वजन तीनदा ठेवून तीनदा आकडा लिहायचा. वाऱ्यानं पारडं हलतं म्हणून पंखा बंद. एका आकड्यावर विसंबायचं नसतं म्हणून तीनदा. मग शिक्का, नाहीतर दुकानदाराकडून लेखी खुलासा. निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, काटे सुटले, खुलासे लिहून देणारी घाबरट माणसंही सुटली. हा क्रम मात्र सुटला नाही. तो सामानाबरोबर घरी आला आणि तपासायला काही सापडेना म्हणून दोन वर्षं घरभर फिरला. दुधाची पिशवी मापून झाली, भिंतीवरचं घड्याळ मापून झालं, बायकोची दुपारची झोप मापून झाली. ती चाळीस मिनिटं भरली. तीन दुपारींची सरासरी.

मग धाकट्या मेव्हणीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. भाऊजींनी पत्ते खेळावेत, वेळ जावा, ताईचा जीव सुटावा, एवढाच तिचा हेतू. पण इंटरनेटवर जायला ब्राउझर लागतो आणि ब्राउझर एकाहून जास्त असतात, हे साहेबांना त्यात कळलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही, असं बाईंचं म्हणणं.

बाई म्हणजे साहेबांची बायको. एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. रडणारे, ओरडणारे, चुकीचा नंबर सांगून वर भांडणारे, सगळ्यांना त्यांनी योग्य माणसाशी जोडून दिलं होतं. कोणती वायर चांगली याचा विचार करायला त्यांना कधी सवड झाली नाही. पलीकडून आवाज आला की वायर चांगली.

घरात ब्राउझर तीन झाले. एकाच्या चित्रात छत्री. ती कॉम्प्युटरबरोबरच आलेली. दुसऱ्यात पतंग, तो म्हणे सगळं जग वापरतं. तिसऱ्यात कासव, ते साहेबांनी स्वतः शोधून, दोन दिवस खपून उतरवून घेतलं. त्यांची इंग्रजी नावं साहेबांच्या वहीत होती. बाईंना चित्रं पुरेशी होती.

तपासणी रोज सकाळी साडेनवाला सुरू व्हायची. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून साहेबांनी ते समपातळीत आणलं होतं, वर पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी ठेवून खात्री केली होती. खिडकी बंद. आणि पंखा बंद.

"अहो, त्या कॉम्प्युटरला काय पारडं आहे का वाऱ्यानं हलायला?" बाई घाम पुसत विचारायच्या.

"पद्धत म्हणजे पद्धत."

"पण उकडतंय माणसाला."

"दहा मिनिटं. आत्ता पतंगाचं दुसरं रीडिंग चाललंय."

तेच पान तिन्हींमध्ये उघडायचं, स्टॉपवॉच दाबायचं, आकडा लिहायचा, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. तीन महिन्यांत चौदा पानांचा अहवाल झाला. त्यात कासव पहिलं आलं आणि छत्री शेवटची. गंमत अशी, की साहेबांच्याच आकड्यांनुसार कासव तिघांत सगळ्यात हळू होतं. छत्री चार सेकंदांत उघडायची, पतंग पाचात, कासव अकरात. हे मेव्हणीनं दाखवून दिलं, तेव्हा साहेब तिच्याकडे तेलकट वजनं वापरणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं बघत राहिले.

"वेग हा गुण नाही," ते म्हणाले. "जो काटा पटकन थांबतो, त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा. चांगला काटा झुलतो, वेळ घेतो, मग बसतो. कासव तसं आहे. ते विचार करतं."

"पान उघडायला विचार कसला करायचा, भाऊजी?"

"छत्री न विचारता सगळं लक्षात ठेवते. नाव, पत्ता, जन्मतारीख. उद्या ते कुणाला सांगेल, भरवसा नाही. पतंग तर जाहिरातवाल्या कुणालाही घरात घेतो. कासव झाकलं की कोरं. काही ठेवत नाही."

"म्हणजे दर वेळी पासवर्ड नव्यानं घालायचा," बाई आतून म्हणाल्या.

"त्यालाच शिस्त म्हणतात."

ही झाली अहवालातली कारणं. खरं कारण सांगायचं तर अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे कासव नव्हतं. छत्रीबद्दल बोलायला गेलं की समोरचा चार गोष्टी जास्त सांगायचा. पतंगाबद्दल तर लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर एक तज्ज्ञ बसलेला. कासवाच्या बाबतीत मात्र साहेबांचा शब्द शेवटचा, कारण तो एकमेव. जिन्यात भेटेल त्याला ते विचारायचे, "तुम्ही कोणता वापरता?" आणि उत्तर यायच्या आत मान हलवायला लागायचे. लोक जिन्यात पावलं ऐकून थांबायला शिकले.

बाईंना थांबता येत नव्हतं, कारण त्या घरात होत्या, आणि दिवसेंदिवस जास्तच घरात होत चालल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. उतरताना कठड्याला धरून, खेकड्यासारखं आडवं. चढताना प्रत्येक वळणावर थांबून, श्वास घेतोय असं न दाखवता. आधी वाचनालय सुटलं, मग मैत्रिणींकडची मंगळवारची बैठक, मग मंडई. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांचे फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, "आठवड्यातून चार दिवस कमरेएवढ्या पाण्यात चाला. पोहायला नको, नुसतं चाला. पाणी तुमचं वजन घेईल, स्नायू कामाला लागतील. दोन वर्षं नेमानं केलंत तर जिना तुमचा राहील. नाहीतर काय होईल, ते मी सांगायला नको."

ते बाईंनी परतताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्वतःलाच सांगितलं. जिना गेला, की दिवसाचे चोवीस तास तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडकीत, तीन ब्राउझर आणि एक नवरा.

भागातल्या तलावात सकाळची बायकांची तुकडी होती. जागा तीस. नोंदणी वर्षातून दोनदा, फक्त इंटरनेटवर, ठरलेल्या दिवशी दहाच्या ठोक्याला. उशिरा येणाऱ्यांची नावं प्रतीक्षायादीत, आणि त्या यादीतून पाण्यात उतरलेली बाई अजून कुणी पाहिली नव्हती.

पहिल्या खेपेला साहेब साडेनवापासून तयार होते. दहाला त्यांनी कासवातून पान उघडलं. कासवानं विचार केला आणि पाटी आली: हे पान या ब्राउझरमध्ये नीट दिसणार नाही, कृपया दुसरा वापरावा. दुसरा कोणीही माणूस असता तर त्यानं दुसरा वापरला असता. साहेबांना तो अपमान वाटला. कासवाचा, आणि ओघानं स्वतःचा. त्यांनी तिथल्या तिथे तलावाच्या व्यवस्थापनाला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पत्र तीन पानी झालं, मुद्देसूद झालं. ते पाठवून ते मागे वळले तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि बाई दारात उभ्या होत्या.

"भरला?"

"बघ आता कसे ताळ्यावर येतात ते."

"कोण येतंय ताळ्यावर? अर्ज भरला का?"

तीस जागा चार मिनिटांत भरल्या होत्या.  बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकटीपुरता चहा ठेवला. एकतीस वर्षं लोकांना दुसरीकडे जोडून देणाऱ्या बाईनं लाईन तोडली, की ती पक्की तोडलेली असते. आठ दिवस तुटलेली राहिली.

सहा महिन्यांनी दुसरी खेप आली. मेव्हणी आदल्या दिवशीच सांगून गेली, "ताई, मी भरते माझ्या घरून. तुझ्या फोनवर खात्रीचा आकडा येईल, तेवढा मला सांग."

"घरात माणूस असताना बाहेरचं कुणी कशाला?" साहेब म्हणाले.

"मागच्या वेळीही माणूस घरातच होता, भाऊजी."

"या वेळी कोणताही धोका ठेवलेला नाही. सगळं आखलंय."

"छत्रीतून भरा, पतंगातून भरा, अगदी कपाटातून भरा. पण भरा."

साहेब हसले. त्या हसण्याची बाईंनी तेव्हाच दखल घ्यायला हवी होती. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. पण मनापासून काही हवं असलं की माणूस शहाणपण बाजूला ठेवतो. गुडघ्यांचंही दुखणं होतंच. बाईंनी विश्वास ठेवला.

सकाळी पावणेदहाला साहेबांनी बाईंना शेजारी खुर्ची दिली. फोन तुझ्या हातात, आकडा आला की मोठ्यानं वाच. दहा वाजले. छत्री उघडली. एकदा कधीतरी बाईंनी गॅसच्या नोंदणीसाठी ती वापरली होती, तेव्हाचं नाव, पत्ता, जन्मतारीख तिनं जपून ठेवलं होतं. सगळे रकाने तिनं भरून समोर ठेवले. बाईंचा फोन वाजला. त्यांनी जुन्या सवयीनं एकेक आकडा सुटा, स्वच्छ वाचला. साहेबांनी बटण दाबलं. अर्ज मिळाला, अशी हिरवी पाटी आली. एकेचाळीस सेकंद.

बाई खुर्चीवरून उठल्या. "झालं. चहा ठेवते."

"बस. आकडा वाच."

"कसला आकडा?" फोन पुन्हा वाजला होता.

"पतंगाचा."

"मिळाली ना जागा? आता पतंग कशाला?"

"एका रीडिंगवर निष्कर्ष काढत नाहीत. प्रत्यक्ष भाराखालची चाचणी राहिलीच होती. सगळं गाव एकदम तुटून पडलंय, अशी संधी पुन्हा सहा महिन्यांनी. वाच लवकर, वेळ मोजतोय मी."

इथे बाईंनी फोन खिडकीबाहेर टाकायला हवा होता. पण वाजलेल्या फोनला उत्तर देणं त्यांच्या हाडांत होतं. त्यांनी आकडा वाचला. मग कासवाचा तिसरा वाचला. कासवात पान सगळं एका बाजूला कलंडलेलं होतं, पण पाटी आली नव्हती. "आपल्या पत्राची दखल घेतलेली दिसते," साहेब म्हणाले. दहा वाजून सहा मिनिटांनी कासवाचाही अर्ज गेला. साहेबांनी वहीत तीन आकडे लिहिले, खाली रेघ ओढली आणि समाधानानं मागे टेकले.

"इस्पितळात एकाच माणसानं तीन ठिकाणांहून एकच फोन लावला ना," बाई हळू म्हणाल्या, "की आम्ही तिन्ही तोडायचो."

तेवढ्यात फोनवर निरोप आला. एका व्यक्तीच्या नावे एकाहून अधिक अर्ज. सर्व अर्ज थांबवण्यात आले आहेत. अर्जदारानं आज दुपारी एकच्या आत स्वतः कार्यालयात येऊन कोणता अर्ज ठेवायचा ते लेखी द्यावं, अन्यथा सर्व रद्द.

बाईंनी तो मोठ्यानं वाचला, सुटा सुटा, आकडा वाचावा तसा. मग चपला घातल्या.

तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्यांना सतरा मिनिटं लागली. साहेब मागून येत होते आणि समजावत होते. यंत्रणेत दोष आहे. तिन्ही अर्ज आधी घेतलेच कसे? घेतलेत, मग अडवलेत कशाला? बाई आडव्या उतरत होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "मध्ये बोलू नका, पायऱ्या मोजतेय."

तलावाच्या कार्यालयात पाण्यात टाकलेल्या औषधाचा उग्र वास होता आणि फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. काचेपलीकडे पाणी दिसत होतं. आत्ताच्या तुकडीतल्या बायका कठड्याला धरून संथपणे चालत होत्या, एकमेकींशी गप्पा मारत, जणू रस्त्यावरच भेटल्यात. बाई क्षणभर तिकडेच बघत राहिल्या. कारकून मुलगी चटपटीत होती. तिनं यादी काढली.

"काकू, तुमचे तीन अर्ज आहेत. एक चौदाव्या नंबरावर, एक सत्ताविसाव्या. तिसरा त्रेचाळिसावा, तो प्रतीक्षायादीत. एक ठेवायचा, दोन काढायचे. या कागदावर नंबर लिहा, कारण लिहा, सही करा."

"चौदावा कोणता?" साहेबांनी विचारलं.

"दहा वाजून एकेचाळीस सेकंदांचा."

"म्हणजे छत्री." साहेबांचा चेहरा पडला. "तो नको."

कारकून मुलीनं आधी साहेबांकडे, मग बाईंकडे पाहिलं. "नको?"

"तो अर्ज माणसानं भरलेलाच नाही. तिनं आपल्या आठवणीतून भरलाय. तत्त्वतः तो ग्राह्य धरता येणार नाही. योग्य रीतीनं, एकेक अक्षर हातानं भरलेला अर्ज एकच आहे, त्रेचाळिसावा."

"काका, त्यात नंबर लागणार नाही."

"ते तुमच्या घड्याळावर आहे. हे घड्याळ शेवटचं कुणी तपासलंय?"

"ते कॉम्प्युटरचं घड्याळ आहे, काका."

"तेच विचारतोय. तपासल्याचा दाखला कुठाय?"

मागे रांग होऊ लागली होती. कुणीतरी खोकलं. साहेबांनी पिशवीतून चौदा पानांचा अहवाल काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. तीन महिने मोजून, जिन्यात शंभर वेळा सांगून ज्या छत्रीला शेवटचा नंबर दिला, तिला स्वतःच्याच घरातून सही करून पहिला नंबर द्यायचा? लोक काय म्हणतील? लोक काहीच म्हणणार नव्हते. लोकांनी कासवाचं नाव ऐकून तिथल्या तिथे सोडून दिलं होतं. पण हे साहेबांना कोण सांगणार?

बाईंनी सांगितलं.

"अहो, चौतीस वर्षं तुम्ही काटे तपासलेत. कधी त्यावर काही तोललंत का?"

"तोलणं माझं काम नव्हतं."

"माझं आहे. पेन द्या."

"अगं, पण कारणाच्या रकान्यात लिहिणार काय? छत्री चांगली म्हणून लिहिणार?"

"छत्री चांगली की वाईट, मला माहीत नाही. मला जाणूनही घ्यायचं नाही. अर्ज माझा, गुडघे माझे. तुम्ही त्या बाकावर बसा."

साहेब उभेच राहिले. बाईंनी अहवाल उचलला, कागदाखाली टेकायला घेतला, कारण कट्टा ओला होता, आणि लिहिलं: चौदावा ठेवावा. कारण: लवकर पोहोचला. सही केली. मुलीनं बटण दाबलं आणि म्हणाली, "सोमवारी सकाळी सातला या, काकू. टोपी आणा."

 घरी आल्यावर साहेबांनी अहवाल पूर्ण केला. छत्रीच्या एकेचाळीस सेकंदांपुढे त्यांनी लिहिलं: हे रीडिंग अपवादात्मक परिस्थितीत घेतलेलं असल्यानं हिशेबात धरलेलं नाही. कासव पहिलंच राहिलं. शिवाय पंधरा दिवसांत जिन्यात असंही ऐकू यायला लागलं, की साहेबांनी तिन्हीकडून अर्ज भरला म्हणूनच बाईंना जागा मिळाली. एकातून भरणारे बसले हात चोळत. सांगणारे स्वतः साहेबच होते. बाईंनी ते खोडून काढलं नाही. सकाळी सहा वीसला घराबाहेर पडायचं आणि साडेआठला परत यायचं, एवढं हातात आल्यावर माणूस बऱ्याच गोष्टी सोडून देतो. मंगळवारची बैठकही त्यांनी पुन्हा धरली. सतरा मिनिटांचा जिना आता नऊ मिनिटांवर आला होता. हे अर्थात साहेबांनी मोजलं.

पुढची नोंदणी जवळ आली तेव्हा पाण्यात दुसरा विषय उरला नाही. कुणाचं पान अडकतं, कुणाचा आकडा येत नाही, कुणाच्या घरी नवरा वापरू देत नाही.

"तुम्ही कशातून भरला होता हो?" शेजारून चालणाऱ्या शिंपीणबाईंनी विचारलं. "तुमच्या घरात म्हणे मोठी तपासणी झालीय."

"छत्रीतून."

"का? चांगली आहे का ती?"

बाईंनी कठडा सोडून चार पावलं टाकली. "आमच्या ह्यांच्या यादीत ती शेवटची आहे. मी त्या यादीत काय शेवटी आहे तेवढंच बघते, आणि ते वापरते."

शिंपीणबाई इतक्या हसल्या, की शिट्टीवाल्या ताईंनी त्यांना कठडा धरायला लावला. दुसऱ्या दिवशी सातआठ जणींनी बाईंना गाठलं. तो अहवाल मिळेल का? सगळा नको, शेवटचं पान दिलं तरी चालेल.

बाईंनी घरी विचारलं. साहेबांनी शेवटचं पान सुटं द्यायला साफ नकार दिला, संदर्भ तुटतो. ते स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चौदा पानांच्या आठ प्रती काढून आले, प्रत्येक प्रतीला टाचणी मारली आणि पहिल्या पानावर सही केली. आठवडाभर ते वाट बघत राहिले. शेवटी राहवलं नाही तेव्हा विचारलं, "वाचला का त्यांनी? निष्कर्ष पटला?"

"पटला ना," बाई पिशवीत टोपी भरत म्हणाल्या. "सगळ्या त्याच्यावरच विसंबून आहेत."